वाचकांचे प्रश्न: नेटवर्क ड्रायव्हर आणि चारने भाग न जाणारे पत्ते

या वेळी लिनक्सच्या नेटवर्क ड्रायव्हरवर आलेले बरेच प्रश्न फिरून एकाच जागी येतात. प्रोसेसरला चार बाइट एका दमात वाचायचे असतात आणि ते ज्या पत्त्यावर आहेत त्याला चारने भाग जात नाही. पत्ता असा पटीवर बसण्याला अलाइनमेंट म्हणतात आणि न बसलेल्याला अनअलाइन्ड. म्हणून हे प्रश्न एकत्र घेतले आहेत. कर्नलमधल्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातल्या, फंक्शनांची नावे देवनागरीत दिली आहेत. सोर्समध्ये शोधताना अंडरस्कोर जिथल्या तिथे ठेवून ती रोमन अक्षरांत टाइप करावीत.

प्रश्न: आमच्या बोर्डावर एआरएमव्ही५ प्रोसेसर आहे आणि इथरनेटचा ड्रायव्हर आम्हीच लिहिला आहे. पिंग चालतो, फाइली नीट पोचतात, पण वेग फारच कमी मिळतो आणि सीपीयू सतत भरलेला असतो. /प्रॉक/सीपीयू/अलाइनमेंट या फाइलीत ‘सिस्टीम’चा आकडा पॅकेटागणिक वाढतो. आमच्या कोडमध्ये पॉइंटरचे एकही कास्ट (जात बदलणे) नाही. मग चूक कोणाची? (पुणे)

चूक ड्रायव्हरचीच आहे, पण ती कुठल्या वाचणाऱ्या ओळीत सापडणार नाही. पॅकेट मेमरीत जिथे उतरते, ती जागा चुकली आहे.

इथरनेटचा हेडर १४ बाइटांचा असतो: ६ बाइट घेणाऱ्याचा मॅक (हार्डवेअरचा पत्ता), ६ पाठवणाऱ्याचा आणि २ बाइट प्रकाराचे. कर्नलकडून मिळालेला बफर चांगल्या गोल, म्हणजे चारने भाग जाणाऱ्या, पत्त्यावर सुरू होतो. फ्रेम (इथरनेटच्या हेडरसकट अख्खे पॅकेट) त्याच्या पहिल्या बाइटापासून उतरवली की आयपीचा हेडर १४ या ऑफसेटवर येतो. पाठवणाऱ्याचा आयपी पत्ता त्या हेडरच्या आत १२ वर, म्हणजे बफरच्या २६ वर, आणि घेणाऱ्याचा ३० वर. दोन्हींना चारने भागा, बाकी २ उरते. कर्नलचा आयपी स्तर हे पत्ते ३२ बिटांचे अख्खे वर्ड म्हणून वाचतो. हेडरचा चेकसम काढताना तोच २० बाइटांचा हेडर पाच वर्ड म्हणून वाचला जातो. त्यानंतर टीसीपीचा सीक्वेन्स नंबर, अ‍ॅक नंबर, टाइमस्टॅम्प. या सगळ्या वाचनांचे पत्ते दोनाने सरकलेले असतात.

एआरएमव्ही५ला असे वाचन जमत नाही. प्रोसेसर फॉल्ट उठवतो, म्हणजे काम अडवून कर्नलला बोलावतो. कर्नलचा हँडलर अडलेली इन्स्ट्रक्शन उलगडतो, बाइट वेगवेगळे वाचून जोडतो, रजिस्टरमध्ये टाकतो आणि परत येतो. एका साध्या लोडच्या जागी शेकडो सायकल जातात, आणि एका टीसीपी पॅकेटमागे हे अनेकदा होते. तुमचा सीपीयू याच कामात अडकला आहे. फाइली बरोबर पोचतात, कारण हँडलर निमूटपणे दुरुस्ती करतो. फॉल्टची सोय बंद असती तर या जुन्या एआरएमने काहीच न सांगता वर्डातले बाइट फिरवून हातात दिले असते, आणि तो दोष शोधणे कितीतरी अवघड गेले असते.

आधी खात्री करा. ती फाइल वाचून आकडा टिपून ठेवा, दुसऱ्या मशीनवरून शंभर पिंग पाठवा, पुन्हा वाचा. बऱ्याच कर्नलांत ‘सिस्टीम’च्या आकड्यापुढे कंसात शेवटचा फॉल्ट कुठल्या फंक्शनात झाला ते छापलेले असते. तिथे आयपी_आरसीव्ही किंवा टीसीपीचे एखादे फंक्शन दिसले तर निदान पक्के झाले. तुमच्याच ड्रायव्हरचे नाव दिसले तर खालचा यूएसबीवरचा प्रश्न वाचा. नाव फक्त शेवटच्या फॉल्टचे असते, त्यामुळे फाइल चार-पाच वेळा वाचून बघा. याच फाइलीत ० ते ५ यांपैकी आकडा लिहिता येतो, पण तो युजर प्रोग्रामांच्या फॉल्टसाठी आहे. कर्नलमधले फॉल्ट तो लिहून थांबत नाहीत.

आता इलाज. बफरच्या सुरुवातीला दोन बाइट मोकळे सोडायचे. मग १४ आणि २ मिळून १६ होतात आणि आयपी हेडर चारच्या पटीवर बसतो. यासाठी तयार फंक्शन आहे (एसकेबी म्हणजे कर्नल एक पॅकेट ज्यात सांभाळतो तो बफर):

एसकेबी = नेटडेव्ह_अलॉक_एसकेबी_आयपी_अलाइन(डेव्ह, लांबी);

हे फंक्शन नेट_आयपी_अलाइन इतके बाइट स्वतःच जास्त मागते आणि एसकेबी_रिझर्व्हने पुढे सरकवूनही देते. पोल फंक्शनात (आलेली पॅकेट गोळा करायला कर्नल ज्याला बोलावतो त्यात) असाल तर नापी_अलॉक_एसकेबी वापरा, तेही हे अंतर सोडते. त्यानंतर डीएमएसाठी (उपकरणाने मेमरीत थेट लिहिण्यासाठी) बफर मॅप करणाऱ्या डीएमए_मॅप_सिंगलला एसकेबीचा ‘डेटा’ पॉइंटर द्या. ‘हेड’ देऊ नका. क्रम महत्त्वाचा आहे: आधी सरकवायचे, मग मॅप करायचे.

इतके करूनही आकडा वाढत राहिला तर दोन जागा तपासा. बहुतेक ड्रायव्हरांत रिंग (हार्डवेअरला दिलेल्या बफरांची गोल यादी) दोन ठिकाणी भरली जाते, इंटरफेस उघडताना एकदा आणि पॅकेट घेतल्यावर रिकामी जागा भरताना पुन्हा. दुरुस्ती एकाच ठिकाणी झाली असेल, तर रिंगेचा पहिला फेरा स्वच्छ जातो आणि दुसऱ्या फेऱ्यापासून फॉल्ट सुरू होतात. ही खूण ओळखीची आहे. दुसरी जागा लांबीची. साध्या नेटडेव्ह_अलॉक_एसकेबीने नेमकी लांबी मागितली, मग हाताने दोन बाइट सरकवले आणि मॅप मात्र मूळ लांबीचेच केले, तर शेवटचे दोन बाइट बफरच्या बाहेर पडतात. त्याच्या पुढेच एसकेबीची स्वतःची माहिती ठेवलेली असते. पूर्ण भरलेली फ्रेम येईपर्यंत यातले काही दिसत नाही, म्हणून चाचणीत मोठे पॅकेट मुद्दाम पाठवा.

प्रश्न: वरचा उपाय आम्ही केला, पण आमच्या मॅक कंट्रोलरच्या (फ्रेम घेणाऱ्या-पाठवणाऱ्या हार्डवेअरच्या) डिस्क्रिप्टरमध्ये, म्हणजे रिंगेतल्या एका बफरच्या नोंदीत, बफरच्या पत्त्याचे खालचे दोन बिट झेंडे म्हणून वापरले आहेत. दोन बाइट सरकवले की रिसीव्ह बंद पडते. (बंगळुरू)

पडणारच. उदाहरणार्थ कॅडेन्सच्या मॅकमध्ये पत्त्याच्या वर्डातला बिट ० म्हणजे ‘हा बफर वापरला गेला’ आणि बिट १ म्हणजे ‘रिंग इथे संपली’. पत्त्यात २ मिळवले की बिट १ चढतो. हार्डवेअर रिंग तिथेच संपली असे समजून सुरुवातीला परत जाते आणि बाकीचे डिस्क्रिप्टर कधी वापरतच नाही. इतर काही मॅकना तर डीएमएसाठी १६ किंवा ६४ च्या पटीतला पत्ताच लागतो.

पहिले काम डेटाशीट उघडण्याचे. हे दोन बाइट हार्डवेअरकडूनच सोडवून घेता येतात का ते बघा, कारण चांगल्या मॅकमध्ये ही सोय असते. कॅडेन्समध्ये नेटवर्क कॉन्फिगरेशन रजिस्टरात ‘रिसीव्ह बफर ऑफसेट’ नावाचे क्षेत्र आहे, त्यात २ लिहायचे. फ्रीस्केलच्या आय.एमएक्स६ मधल्या एफईसी या इथरनेट कंट्रोलरमध्ये रिसीव्ह अ‍ॅक्सिलरेटरच्या रजिस्टरात ‘शिफ्ट१६’ असा बिट आहे. मार्वेलच्या एमव्हीनेटा कंट्रोलरमध्ये तर काही मागावेही लागत नाही. तो फ्रेमच्या आधी दोन बाइटांचा स्वतःचा हेडर आपणहून टाकतो आणि आयपी हेडर आपोआप जागेवर बसतो.

हार्डवेअर सरकवत असेल तेव्हा वरच्या उत्तरातला क्रम उलटा होतो, आणि इथे पुष्कळ जण फसतात. आधी न सरकवलेला, गोल पत्ता मॅप करून डिस्क्रिप्टरमध्ये लिहायचा. मग एसकेबी_रिझर्व्हने दोन बाइट पुढे जायचे. दोन्हीकडून सरकवले तर फ्रेम चार बाइट पुढे उतरते आणि आयपी हेडर १८ वर जातो, म्हणजे मूळ दुखणे कायम. कंट्रोलर कळवतो ती लांबी हे दोन बाइट धरून आहे की सोडून, तेही तपासा. एफईसीत ती धरून येते, त्यामुळे वजा करावी लागते. ते दोन बाइट इथ_टाइप_ट्रान्सच्या आधी काढले नाहीत, तर प्रोटोकॉलचा आकडा चुकीच्या जागेवरून वाचला जातो आणि सगळी पॅकेट वरच्या स्तरात टाकून दिली जातात.

अशी सोयच नसेल तर कॉपी करावी लागते. कॉपीला घाबरू नका. २५६ बाइटांच्या आतले पॅकेट नव्या, नीट सरकवलेल्या एसकेबीत उतरवून मूळ बफर तसाच रिंगेत परत टाकणे ही पद्धत अनेक ड्रायव्हरांत अलाइनमेंटचा प्रश्न नसतानाही वापरतात, कारण नवे मॅपिंग करण्यापेक्षा ते स्वस्त पडते. मोठ्या पॅकेटसाठी बफर पानांमध्ये ठेवा. सुरुवातीचे १२८ किंवा २५६ बाइट एसकेबीच्या सलग भागात कॉपी करा आणि उरलेला भाग फ्रॅगमेंट म्हणून जोडा. आयपी आणि टीसीपीचे हेडर त्या कॉपी केलेल्या भागात येतात. पुढचा मजकूर दोन बाइट सरकलेला असला तरी बिघडत नाही, कारण तो शेवटी कॉपी करणाऱ्या फंक्शनांकडूनच वाचला जातो आणि ती फंक्शने विषम पत्ते सांभाळून घेतात. फॉल्ट खात बसण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

आयपी स्तरातल्या प्रत्येक वाचनाला अनअलाइन्ड मॅक्रो लावण्याचा विचार मनात आला असेल तर तो सोडा. एथ७९ जातीच्या मिप्स राउटरांसाठी ओपनडब्ल्यूआरटीला (राउटरांसाठीच्या लिनक्सला) अशी लांबलचक पॅच सांभाळावी लागली आहे. कर्नल बदलला की ती पुन्हा बसवायची, असे ते काम आहे. ड्रायव्हरमध्ये जागा देता येत असेल तर ती तिथेच द्यावी.

प्रश्न: नेट_आयपी_अलाइन दोनच असते तर सरळ २ लिहिले तर काय बिघडते? लॅपटॉपवर तर सरकवले काय, न सरकवले काय, फरकच दिसत नाही. (नागपूर)

ते सगळीकडे दोन नसते. मूळ किंमत २ आहे, पण एक्स८६, पॉवरपीसी आणि ६४ बिटी एआरएमवर ती ० आहे. या प्रोसेसरांना वेडावाकडा पत्ता वाचणे स्वस्त पडते. उलट डीएमएची सुरुवात कॅश लाइनच्या मध्ये झाली की उपकरणाला अर्धी लाइन लिहावी लागते, म्हणजे आधी वाचा, मग बदला, मग लिहा. तिथे दोन बाइट सरकवणे हाच तोटा. तेव्हा आकडा न लिहिता मॅक्रोच लिहा.

लॅपटॉपवर दोष दिसत नाही, म्हणून चाचणीची सोय वेगळी करावी लागते. कर्नल यूबीसॅनच्या (चालताना चुका पकडणाऱ्या सोयीच्या) अलाइनमेंट तपासणीसह बांधला, तर प्रत्येक चुकीच्या वाचनाला ओळ क्रमांकासह इशारा लॉगमध्ये येतो. एक्स८६वर ही तपासणी मुद्दाम चालू करावी लागते आणि तिथे ती निरुपद्रवी इशारेही भरपूर देते, म्हणून फक्त आपल्या ड्रायव्हरच्या फाइली चाळून घ्या. ड्रायव्हर यूएसबीचा असेल तर तो मिप्सच्या क्यूईएमयूवरही (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) चालवता येतो. तिथे डीबगएफएसमध्ये (कर्नलची आतली माहिती दाखवणाऱ्या फाइलींत) मिप्स/अनअलाइन्ड_इन्स्ट्रक्शन्स या नावाचा मोजणारा आकडा असतो. जीसीसीला -डब्ल्यूकास्ट-अलाइन=स्ट्रिक्ट हा पर्याय दिला तर संशयास्पद कास्ट कंपाइल होतानाच दिसतात.

प्रश्न: आमचे यूएसबी इथरनेट उपकरण एका ट्रान्सफरमध्ये अनेक फ्रेम पाठवते. प्रत्येकीच्या आधी चार बाइटांचा लांबीचा हेडर, मग फ्रेम, लगेच पुढचा हेडर. पहिली फ्रेम नीट, दुसरीपासून फॉल्ट. पॅक्ड (मध्ये भरण न सोडणारे) स्ट्रक्ट वापरावे, मेमकॉपी की गेट_अनअलाइन्ड? (ठाणे)

इथे दोन वेगळी वाचने आहेत आणि त्यांचे इलाजही वेगळे आहेत.

लांबीचा हेडर तुमचा ड्रायव्हर वाचतो. आधीच्या फ्रेमची लांबी ६१ बाइट असली की पुढचा हेडर विषम पत्त्यावर येतो. इथे गेट_अनअलाइन्ड_एलई३२ योग्य आहे. ते बाइटांचा क्रमही सांभाळते आणि जिथे प्रोसेसरला वेडावाकडा पत्ता चालतो तिथे कंपाइलर त्याचा एकच लोड करतो, म्हणजे फुकटात मिळते. असिक्सच्या यूएसबी चिपांच्या ड्रायव्हरातही हेडर असाच वाचला आहे. ही मॅक्रो कर्नल ६.१२ पासून लिनक्स/अनअलाइन्ड.एच मध्ये आहेत. त्याआधीच्या कर्नलांसाठी एएसएम/अनअलाइन्ड.एच जोडावी लागते.

मेमकॉपीही चालते, पण एका अटीवर. ज्या पॉइंटरवरून कॉपी करता तो यू८ किंवा व्हॉइड जातीचा हवा. वाटेत कुठे तो यू३२ पॉइंटरमध्ये कास्ट केला असेल, तर कंपाइलर पत्त्याला चारने भाग जातो असे गृहीत धरतो आणि मेमकॉपीच्या जागी साधा वर्ड लोड टाकतो. सोर्समध्ये मेमकॉपी दिसते आणि चालताना फॉल्ट येतो. असे झाले तर डिसअसेम्ब्ली बघा, लगेच कळते.

फ्रेमचे तसे नाही. ती पुढे आयपी स्तर वाचणार आहे, तिथे तुमची मॅक्रो पोचत नाहीत. म्हणून मोठ्या बफरचा क्लोन करून मधल्या ऑफसेटवर बोट ठेवू नका. प्रत्येक फ्रेमसाठी नेटडेव्ह_अलॉक_एसकेबी_आयपी_अलाइनने नवी एसकेबी घ्या आणि तीत कॉपी करा. फर्मवेअर तुमच्याच हातात असेल तर आणखी चांगला मार्ग आहे: हेडरनंतर दोन बाइट रिकामे ठेवा आणि फ्रेमच्या शेवटी पुढचा हेडर चारच्या पटीवर येईल इतके भरण टाका. रास्पबेरी पायच्या काही जुन्या बोर्डांवर असलेली एसएमएससीची लॅन९५१४ चिप असेच करते. तिच्या कॉन्फिगरेशन रजिस्टरात रिसीव्ह डेटाचा ऑफसेट २ ठेवता येतो आणि फ्रेमनंतरचे भरण ड्रायव्हर मोजून ओलांडतो.

पॅक्डबद्दल मात्र सावध राहा. तारेवरून येणाऱ्या हेडरच्या स्ट्रक्टला ते ठीक आहे. डीएमएच्या डिस्क्रिप्टरला ते ‘असू दे’ म्हणून लावणे धोक्याचे आहे. पॅक्ड म्हटले की कंपाइलर अलाइनमेंट १ धरतो आणि एआरएमव्ही५ किंवा मिप्सवर ३२ बिटांचे एक लिखाण अनेक लहान लिखाणांत फोडू शकतो. मालकीचा बिट ज्या वर्डात आहे तो असा तुकड्यांनी लिहिला गेला, तर हार्डवेअर अर्धवट वर्ड वाचून कामाला लागते. हा दोष कधीतरीच, भार वाढल्यावर दिसतो आणि अलाइनमेंटचा आकडा त्या वेळी शून्यावर असतो. डिस्क्रिप्टरचे सगळे वर्ड एलई३२ असतील तर मध्ये भरण पडतच नाही, मग पॅक्डची गरजच काय? आकाराची खात्री स्टॅटिक_असर्टने करा. लावावेच लागले तर सोबत अलाइन्ड(४) लिहा.

रजिस्टरांच्या बाबतीत तर कुठलेच मॅक्रो कामाचे नाही. उपकरणाच्या मेमरीवर वेडावाकडे वाचन एआरएमव्ही७वर आणि ६४ बिटी एआरएमवरही फॉल्टच देते. रजिस्टर ज्या रुंदीचे आहे त्याच रुंदीने, रीडएल किंवा रीडडब्ल्यूने वाचा आणि हवे ते बाइट शिफ्ट करून काढा.

प्रश्न: मॅक पत्ता ताडून बघताना फॉल्ट येतो. मॅक तर बाइटांचा अ‍ॅरे आहे, त्याला कसली अलाइनमेंट? (कोल्हापूर)

इथर_अ‍ॅड्र_इक्वल तो बाइटांनी ताडत नाही. पत्त्याला किमान दोनने भाग जातो असे धरून ते १६ बिटांचे तुकडे वाचते. इथर_अ‍ॅड्र_कॉपीचेही तसेच. तुमच्या स्ट्रक्टमध्ये आधी एक यू८ झेंडा आणि लगेच मॅक[६] असेल तर मॅक ऑफसेट १ वर गेला. मॅक पहिला लिहा आणि झेंडा त्याच्या मागे, किंवा मॅकला अलाइन्ड(२) लावा. पत्ता बाहेरून येत असेल आणि कसाही असू शकत असेल तर इथर_अ‍ॅड्र_इक्वल_अनअलाइन्ड वापरा. इथर_अ‍ॅड्र_इक्वल_६४बिट्स हे वेगवान रूप घ्यायचे असेल तर दोन्ही पत्त्यांमागे वाचता येण्याजोगे दोन बाइट असायला हवेत, कारण ते आठ बाइट उचलू शकते.

प्रश्न: व्हीलॅन किंवा पीपीपीओईमुळे दोन बाइटांचे गणित बिघडते का? (मडगाव)

नाही. व्हीलॅनचा टॅग ४ बाइटांचा असतो आणि पीपीपीओई व पीपीपी मिळून ८ बाइट होतात, त्यामुळे आयपी हेडर १६ वरून २० किंवा २४ वर जातो. बिघडते ते व्हीएक्सलॅनमध्ये, जिथे पॅकेटाच्या पोटात दुसरी अख्खी इथरनेट फ्रेम असते. बाहेरचा आयपी हेडर १६ वर, मग आयपीचे २०, यूडीपीचे ८ आणि व्हीएक्सलॅनचे ८ बाइट गेले की आतली फ्रेम ५२ वर सुरू होते. तिचे १४ बाइट गेले की आतला आयपी हेडर ६६ वर, आणि ६६ ला चारने भाग जात नाही. दोन्ही हेडर एकाच वेळी चारच्या पटीवर बसवणे सरकवून शक्य नाही, ड्रायव्हरने काहीही केले तरी. असा बोगदा ज्याला वेडावाकडा पत्ता महाग पडतो त्या प्रोसेसरवर उघडू नये. तो एखाद्या एक्स८६ किंवा ६४ बिटी एआरएम मशीनवर संपवावा आणि छोट्या बोर्डापर्यंत साधी व्हीलॅन न्यावी.